एमआरआय नॉर्मल, पण दिवे बंद: झोप उडवणाऱ्या एका आनुवंशिक रोगात स्कॅनला काय दिसतं आणि काय दिसत नाही

मध्यंतरी मावशीने व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड पाठवला. झोप उडून माणूस वर्षभरात जातो असा रोग आहे, डॉक्टरांना कारण सापडत नाही, एमआरआय पण एकदम क्लीन येतो वगैरे वगैरे, आणि खाली तिचा स्वतःचा मेसेज, "अरे मला पण दोन-दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाही, काढून घेऊ का एकदा एमआरआय?" आता एमआरआय क्लीन येतो हेच वाचून एमआरआय काढायला निघालेली माझी मावशी हा वेगळा विषय, पण फॉरवर्ड नीट वाचला तर त्यात अर्ध खरं आहे आणि अर्ध खोटं. रोग खरा आहे. एमआरआय बऱ्याचदा नॉर्मल येतो हेही खरं. कारण सापडत नाही हे मात्र साफ खोटं, कारण १९९२ पासून माहितीये.

रोगाचं नाव फेटल फॅमिलियल इन्सोम्निया, म्हणजे घराण्यात चालत येणारा जीवघेणा निद्रानाश. डॉक्टर लोक एफएफआय म्हणतात, आपणही तेच म्हणू. हल्ली याची चर्चा वाढलीये कारण या जातीच्या रोगांवरच्या एका नव्या प्रकारच्या औषधाची माणसांवर चाचणी सुरू झालीये, तिच्याकडे शेवटी येतो. आधी तो क्लीन एमआरआयचा घोळ निस्तरू, कारण मला यात सगळ्यात इंटरेस्टिंग तेच वाटतं. माणूस डोळ्यांदेखत खंगत चाललाय, मेंदूचा एक कोपरा जवळजवळ विझलाय, आणि हातातल्या रिपोर्टवर लिहिलंय नॉर्मल. हे होतं कसं?

आधी प्रायॉन म्हणजे काय ते

पावसात वाऱ्याने छत्री उलटी झालेली बघितलीये ना? कापड तेच, काड्या त्याच, दांडा तोच, फक्त आकार उलटा, आणि आता ती छत्री कामाची नाही. आपल्या मेंदूच्या पेशींवर एक प्रोटीन असतं, प्रायॉन प्रोटीन, ते सगळ्यांमध्येच असतं, तुमच्यात माझ्यात पण. त्याची घडी कधी अशी उलटी पडली की गंमत (गंमत कसली, भीषणच आहे) अशी की ती उलटी छत्री शेजारच्या सरळ छत्रीला पण उलटी करते, ती तिच्या शेजारच्या, आणि असं करत करत पेशी मरायला लागतात. या उलट्या घडीच्या प्रोटीनला प्रायॉन म्हणतात. हा शब्द स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये काढला, तेव्हा बऱ्याच जणांचा विश्वास बसला नव्हता की ना बॅक्टेरिया ना व्हायरस, नुसतं प्रोटीन कसं रोग पसरवेल, पण १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

प्रायॉनचे रोग फार दुर्मिळ, वर्षाला दहा लाखांत एक-दोन माणसं. त्यातले बहुतेक आपोआप होतात, काही कारण नाही काही नाही. साधारण दहा-पंधरा टक्के आनुवंशिक असतात, म्हणजे जीनमध्येच चूक असते त्यामुळे छत्री उलटी व्हायचा धोका जन्मापासून. एफएफआय या आनुवंशिक गटातला.

आणि हो, तो पेशंटला हात लावून, जेवणातून, एका खोलीत राहून लागत नाही. अशा जीनचे लोक रक्तदान करत नाहीत आणि मेंदूच्या ऑपरेशनची हत्यारं वगैरे बाबतीत हॉस्पिटलं जास्तीची काळजी घेतात, तेवढंच. स्कॅनच्या मशीनमधून लागण्याचा तर प्रश्नच नाही.

इटलीतलं घराणं

गोष्ट सुरू होते इटलीत, व्हेनिसच्या आसपासच्या एका घराण्यात. पिढ्यान् पिढ्या त्या घरात पन्नाशीच्या आगेमागे एखाद्याची झोप उडायची, घाम फुटायचा, बोलणं अडखळायचं आणि काही महिन्यांत माणूस जायचा. घरच्यांनी काय काय नावं दिली असतील देव जाणे. त्या घराण्याचा एक जावई डॉक्टर होता, त्याने हे लावून धरलं आणि ५३ वर्षांच्या एका पेशंटला बोलोन्या शहरातल्या एलिओ लुगारेसी यांच्या झोपेच्या लॅबमध्ये नेलं. तो पेशंट नऊ महिन्यांच्या आजारपणानंतर गेला. मेंदू अमेरिकेत क्लीव्हलँडला पिअरलुइजी गॅम्बेटी यांच्याकडे तपासायला गेला आणि दिसलं काय, तर सगळा मेंदू बऱ्यापैकी ठीक, पण मधोमध असलेल्या थॅलॅमस नावाच्या भागाची दोन केंद्रं जवळपास रिकामी झालेली. १९८६ मध्ये हे छापून आलं. तेव्हा हा प्रायॉनचा रोग आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, ते सहा वर्षांनी कळलं.

कळलं तेही विचित्रच. प्रायॉन प्रोटीन म्हणजे २५३ मण्यांची माळ धरा. त्यातला १७८ नंबरचा मणी या घराण्यात बदललेला होता. पण हाच १७८ चा बदल दुसऱ्या काही घराण्यांत पण होता आणि तिथे झोपेचा रोग नाही तर क्रॉइट्झफेल्ट-याकोब नावाचा दुसराच प्रायॉन रोग होत होता, ज्यात आधी बुद्धी जाते. मग फरक कुठे? तर १२९ नंबरच्या मण्यात. तो मणी माणसागणिक दोन प्रकारचा असतो, मेथिओनिन किंवा व्हॅलिन, दोन्ही एरवी निरुपद्रवी. बिघडलेल्या माळेवर १२९ ला मेथिओनिन असेल तर सहसा एफएफआय, व्हॅलिन असेल तर सहसा दुसरा. एक मणी रोग ठरवतो, दुसरा मणी त्या रोगाचा चेहरा.

आई किंवा वडील, कुणाही एकाकडून ही माळ आली तरी पुरते, त्यामुळे प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता.

थॅलॅमस म्हणजे मनमाड

मेंदूच्या मध्यावर, डावीकडे एक उजवीकडे एक, खारकेएवढे दोन गोळे असतात, तोच थॅलॅमस. डोळ्याचं, कानाचं, त्वचेचं जे काही वरच्या मेंदूला पोचायचं ते इथे थांबून पुढे जातं (वास तेवढा बायपासने जातो), म्हणजे मनमाड जंक्शनच म्हणा. पण जंक्शनचं काम फक्त गाड्या सोडणं नसतं, गाड्या थांबवणं पण असतं. झोप लागताना थॅलॅमस फाटक पाडतो, बाहेरचा गलका वर जाऊ देत नाही, आणि त्या वेळी मेंदूच्या आलेखात छोटे छोटे झुबके दिसतात, त्यांना स्लीप स्पिंडल म्हणतात. एफएफआयमध्ये फाटकवालाच गेला. स्पिंडल नाहीसे होतात, गाढ झोप नाहीशी होते, पेशंट धड जागा नाही धड झोपलेला नाही अशा अवस्थेत स्वप्नातल्यासारखे हातवारे करतो. शिवाय शरीराची बीपी, घाम, ताप, नाडी सांभाळणारी यंत्रणा सतत ॲक्सिलरेटर दाबल्यासारखी चालू राहते. नेहमीच्या झोपेच्या गोळ्या इथे फारशा चालत नाहीत, कारण गोळी ज्याला झोपवणार ती यंत्रणाच मोडलीये.

म्हणून "झोप न आल्याने माणूस मरतो" हे पण तसं चूकच. मेंदू झिजल्यामुळे माणूस जातो, झोप जाणं ही त्या झिजेची एक खूण. काही पेशंटमध्ये तर झोपेची तक्रार मागेच असते आणि आधी तोल जातो, एकाच्या दोन गोष्टी दिसतात.

मग मावशीचं काय?

मावशीचं काही नाही. निद्रानाश असलेली माणसं कोट्यवधी आहेत आणि एफएफआयची घराणी जगभरात मोजकी. साध्या निद्रानाशात झोप येत नाही पण झोपेची यंत्रणा शाबूत असते, दोन रात्री जागलं की तिसऱ्या दिवशी दुपारी बसल्या बसल्या डोळा लागतो. शिवाय तोल जाणं, बोलणं अडखळणं, झपाट्याने वजन उतरणं, विनाकारण घामाने भिजणं असं काही सोबत नसतं. घराण्याबाहेर, जीनमधल्या चुकीशिवाय होणारा असाच एक प्रकार आहे पण तो इतका क्वचित की रात्री दोन वाजता त्याची काळजी करण्याने झोप आणखी उडेल एवढंच. मी तिला सांगितलं, रात्रीची सिरियल आणि त्यानंतरचा चहा आधी बंद कर.

एमआरआय नॉर्मल येतो म्हणजे मशीन चुकलं का?

नाही. मशीनला जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर त्याने बरोबर दिलं.

एमआरआय हा खरं तर मेंदूतल्या पाण्याचा फोटो आहे. पाणी कुठे किती आहे, कशात आहे यावरून करड्या छटा पडतात आणि त्यातून रचना दिसते. गाठ, रक्तस्राव, सूज, आकसलेला भाग, हे सगळं छान दिसतं. म्हणजे सोसायटीच्या बिल्डिंगचा भर दुपारी काढलेला फोटो समजा. भिंत पडली असेल, मजला खचला असेल, गच्चीवर पाणी साचलं असेल तर फोटोत लगेच कळेल. पण तिसऱ्या मजल्यावरची माणसं घर सोडून गेली असतील तर? खिडक्या तशाच, पडदे तसेच, बाल्कनीत तुळस पण तशीच.

एफएफआयच्या थॅलॅमसमध्ये नेमकं हेच होतं. चेतापेशी मरतात पण त्यांच्या जागी ग्लिया नावाच्या आधार देणाऱ्या पेशी येऊन बसतात, मालक गेले आणि वॉचमन राहायला आले. त्यामुळे आकार पटकन कमी होत नाही. त्यात जागा एवढीशी, खारकेतलीही फक्त दोन-तीन केंद्रं, आणि रोग एवढा भरभर पुढे सरकतो की आकसून दिसण्याइतका वेळच मिळत नाही. रोग जरा लांबला तर मेंदू थोडा आकसलेला दिसतो, पण तसा तर साठी-सत्तरीत कितीतरी जणांचा दिसतो, त्यावरून काही बोलता येत नाही.

साडीचा काठ

इथे ज्यांनी थोडं वाचलंय ते म्हणतील की अहो पण प्रायॉन रोगात तर एमआरआय फार कामाचा आहे असं सगळीकडे लिहिलंय. बरोबर आहे, पण ते क्रॉइट्झफेल्ट-याकोबबद्दल. त्यात एमआरआयची एक खास पद्धत वापरतात, डिफ्यूजन, म्हणजे पाण्याचे कण किती मोकळेपणी इकडे तिकडे फिरू शकतात ते मोजायचं. दुपारी रिकाम्या प्लॅटफॉर्मवर तुम्ही कुठेही भटकू शकता, संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर एक पाऊल टाकता येत नाही, तसं. जिथे पाण्याची अशी कोंडी होते ती जागा फोटोत चकाकते.

क्रॉइट्झफेल्ट-याकोबमध्ये मेंदूच्या बाहेरच्या थरात बारीक बारीक फुगे होतात, स्पंजसारखे, त्यात पाणी कोंडलं जातं असं मानतात, आणि मग मेंदूची कडा नागमोडी उजळून निघते, अगदी साडीचा जरीकाठ असावा तशी. आतले काही गोळे पण चमकतात. अनुभवी रेडिओलॉजिस्टला हे चित्र एकदा दिसलं की विसरत नाही.

एफएफआयमध्ये हा काठ सहसा दिसत नाही. का, तर थॅलॅमसमध्ये पेशी मरतात खूप पण फुगे फार थोडे होतात, आणि उलट्या प्रोटीनचा साठाही क्रॉइट्झफेल्ट-याकोबच्या मानाने कितीतरी कमी असतो. म्हणजे माणसं गेली पण गर्दी कधी झालीच नाही, कोंडीच नाही तर चमकणार काय? उलट काही पेशंटमध्ये थॅलॅमसमधलं पाणी नेहमीपेक्षा जास्त मोकळं फिरताना मोजलं गेलंय, पण ते साध्या डोळ्याला दिसत नाही, आकडे काढावे लागतात. एमआरआयच्याच मशीनवर स्पेक्ट्रोस्कोपी म्हणून एक तपासणी होते, ज्यात फोटोऐवजी रसायनं मोजतात, त्यात चेतापेशींची खूण असलेलं रसायन थॅलॅमसमध्ये कमी आणि वॉचमन पेशींचं जास्त सापडू शकतं. रोजच्या हॉस्पिटलात हे क्वचितच करतात.

लाइट बिल बघा

आता फोटो सोडा आणि सोसायटीच्या मीटर रूममध्ये जा. कुठल्या फ्लॅटचं मीटर फिरतंय आणि कुठलं थांबलंय, दोन मिनिटांत कळेल कोण राहतं कोण नाही.

पेट स्कॅन हेच करतो. मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के पण जवळपास वीस टक्के इंधन एकटा खातो, आणि ते इंधन म्हणजे मुख्यतः ग्लुकोज. पेशंटला शिरेतून थोडी किरणोत्सारी साखर देतात, तिचं नाव एफडीजी, साधारण ११० मिनिटांत तिचा जोर निम्मा होतो. शांत खोलीत पडून राहायचं, जो भाग काम करतोय तो साखर ओढून घेतो, मग मशीन बघतं साखर कुठे गेली. चालू भाग लालपिवळा, बंद भाग निळा-काळा.

१९९७ मध्ये इटलीच्या टीमने सात एफएफआय पेशंटचे असे स्कॅन छापले. सातही जणांमध्ये थॅलॅमस जवळपास अंधारात, आणि सातही जणांमध्ये मेंदूच्या आतल्या बाजूचा सिंग्युलेट नावाचा पट्टा थोडा मंद. बाकीचं चित्र मात्र रोग किती लांबला त्यावर. आई-वडिलांकडून एकेक अशा प्रत्येकात दोन माळा असतात; १२९ ला दोन्ही माळांवर मेथिओनिन असलेले पेशंट सरासरी आठ-नऊ महिन्यांच्या आजारात होते आणि त्यांचा अंधार त्या मानाने कमी जागेत, एकीवर मेथिओनिन एकीवर व्हॅलिन असलेल्यांचा रोग कितीतरी जास्त काळ चालला होता आणि त्यांच्यात अंधार वरच्या मेंदूत जास्त पसरला होता. नंतर मेंदू तपासले तेव्हा जिथे पेशी मेल्या होत्या तिथे मीटर बंद होतंच, पण जिथे पेशी अजून दिसायला ठीक होत्या अशाही काही जागी मीटर मंद निघालं. माणसं घरात आहेत पण चूल पेटत नाहीये असं काहीतरी.

मग सरळ पेटच का नाही काढत?

एक तर पेट महाग, सगळीकडे नाही, आणि त्यात रेडिएशन आहे. पण खरी अडचण वेगळी आहे. मीटर बंद आहे एवढंच कळतं, का बंद आहे ते नाही. थॅलॅमसच्या रक्तवाहिनीत गुठळी झाली तरी तो भाग अंधारा दिसेल. म्हणून पेटवरून कुणी एफएफआयचा शिक्का मारत नाही. पेटचा अंधार, झोपेच्या तपासणीत हरवलेले स्पिंडल, घराण्याचा इतिहास, हे सगळं जुळलं की शंका पक्की होते आणि शिक्का मारते ती रक्ताची जीन टेस्ट.

आणि नॉर्मल येणाऱ्या एमआरआयला मग अर्थच नाही का? आहे, भरपूर आहे. झपाट्याने बिघडत चाललेल्या पेशंटमध्ये डॉक्टर आधी शोधतात ते बरं होऊ शकणारं काहीतरी. मॉर्व्हन सिंड्रोम म्हणून एक आजार आहे ज्यात झोप पूर्ण उडते, घाम, नाडी, भास, सगळं एफएफआयसारखंच, पण तो होतो शरीराच्याच अँटीबॉडीज बिथरल्यामुळे, रक्तात त्या सापडतात आणि उपचाराने पुष्कळ पेशंट सुधारतात. मला विचाराल तर असल्या पेशंटच्या नातेवाइकांनी गूगलवर एफएफआय वाचून हातपाय गाळण्याआधी डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारावा की अँटीबॉडीज तपासल्या का. एमआरआयने गाठ, सूज, स्ट्रोक हे बाजूला काढलं, अँटीबॉडीज पण नाहीत असं निघालं, की मगच प्रायॉनकडे वळायचं.

आधीच कळू शकतं का?

जीन टेस्टने जन्मापासून कळू शकतं की माळ बिघडलेली आहे. पण छत्री कधी उलटणार, तिशीत की साठीत, ते ती टेस्ट सांगत नाही. मग स्कॅन सांगेल का? बोलोन्याच्या लोकांनी त्याच घराण्यातल्या, जीन असलेल्या पण ठणठणीत माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, अधूनमधून पेट काढत राहिले आणि २००६ मध्ये छापलं. एका माणसाचा थॅलॅमस लक्षणं सुरू व्हायच्या १३ महिने आधी मंद झालेला सापडला, त्याच्या आधीचा स्कॅन, लक्षणांच्या २१ महिने आधीचा, नॉर्मल होता. म्हणजे पन्नास वर्षं सगळे दिवे लागलेले आणि शेवटच्या दीड-पावणेदोन वर्षांत कधीतरी बटण बंद व्हायला सुरुवात. एकाच माणसाचं उदाहरण आहे हे ध्यानात ठेवून बोलायला हवं, पण अल्झायमरमध्ये मेंदूत बदल पंधरा-वीस वर्षं आधीपासून दिसतात त्याच्या तुलनेत ही मुदत काहीच नाही.

हे कळून करायचं काय, हा प्रश्न त्या घराण्यातल्या माणसांना रोज पडत असणार. पुष्कळ जण टेस्ट करून घेतच नाहीत, आणि मला त्यात काहीच चूक वाटत नाही. इटलीत डॉक्सिसायक्लिन या साध्या अँटिबायोटिकची या रोगाविरुद्ध प्रतिबंधक चाचणी ठरली तेव्हा हाच पेच होता, गोळी फक्त जीनवाल्यांना दिली तर गोळी मिळाली म्हणजेच निकाल कळला. म्हणून दहा जीनवाल्यांसोबत जीन नसलेल्या पंधरा नातेवाइकांनाही गोळ्या द्यायच्या ठरल्या, त्यांच्या गोळीत औषध नाही, फक्त कुणाला काय मिळतंय हे कुणालाच कळू नये म्हणून. दहा वर्षांची योजना. चुलतभावाला कळू नये म्हणून आपण पण गोळी गिळायची.

दुसरी वाट अमेरिकेतल्या सोनिया वल्लभ यांनी धरली. २०१० मध्ये आई गेली, पुढच्या वर्षी स्वतःची टेस्ट केली, तोच १७८ चा बदल. त्या तेव्हा वकील होत्या. त्या आणि त्यांचे पती एरिक मिनिकेल, दोघांनीही आपापलं करिअर सोडून हार्वर्डमधून जीवशास्त्रात पीएचडी केली आणि आता बॉस्टनजवळच्या ब्रॉड इन्स्टिट्यूटमध्ये याच रोगावर काम करतात. त्यांचं म्हणणं साधं आहे, उलट्या छत्र्या सरळ करत बसण्यापेक्षा छत्र्याच कमी करा. मेंदूत प्रायॉन प्रोटीन तयार होण्याचा जो निरोप जीनकडून निघतो तो मध्येच अडवायचा, प्रोटीन कमी, तर उलटायला कच्चा मालच कमी. ते प्रोटीनच नसलेले उंदीर जगतात आणि त्यांना प्रायॉन रोग होत नाही, हे आधीपासून माहीत होतं. सुरुवातीला म्हटलेलं औषध, आयओएन ७१७, याच तत्त्वावरचं आहे, पाठीच्या मणक्यातून इंजेक्शनने देतात, आणि त्याची पहिली चाचणी लक्षणं सुरू झालेल्या पेशंटवर चाललीये.

आता समजा असं औषध उद्या ठणठणीत जीनवाल्यांना द्यायचं ठरलं, तर ते लागू पडतंय हे ओळखायचं कशावरून? एमआरआय वर्षानुवर्षं नॉर्मल, पेटही शेवटच्या दीड-दोन वर्षांपर्यंत नॉर्मल. औषध घेतलेल्या माणसाचा पेट पाच वर्षांनी नॉर्मल आला तर औषधाने वाचवला की तसाही नॉर्मलच येणार होता, सांगता यायचं नाही. म्हणून वल्लभ आणि मिनिकेल स्कॅनच्या मागे न लागता मणक्यातल्या पाण्यात प्रायॉन प्रोटीन किती आहे ते मोजायला सांगतात. ते पाणी काढायला कमरेत सुई टोचावी लागते, तरीही जीन असलेले काही निरोगी लोक पुन्हा पुन्हा येऊन ते देत आलेत, आणि त्यांच्यात प्रोटीनची पातळी महिनोन् महिने जवळपास तेवढीच राहते असं निघालंय. म्हणजे औषधानंतर ती खाली आली तर ती औषधानेच आली म्हणता येईल, थॅलॅमसचे दिवे मालवायची वाट बघावी लागणार नाही.